घुमटाखालची गाय

सासरी माझी थट्टा चालते, की शांताबाईंच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून हंडा ओढायचा. मी हसून वेळ मारून नेते. पण आयुष्यात एक दिवस असा आला, की मी इतकी बोलले, इतकी ओरडले, की संध्याकाळी घसा बसला आणि अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, हळदीचं दूध पाजून मला गप्प केलं. आमच्या गावात नवं पोस्ट उघडलं तो हा दिवस. त्यानंतर मी फारशी बोललेच नाही म्हटलं तरी चालेल. लोकांना वाटलं, पोर शहाणी झाली.

आमचं घर दोन खोल्यांचं, कमलनगरकडं जाणाऱ्या रस्त्याला. अप्पांच्या वडलांपर्यंत, म्हणजे माझ्या आजोबांपर्यंत, आमच्याकडं मेंढरं होती. पाऊस सरला की कळप घेऊन निघायचं आणि रानं पालथी घालत फिरायचं, असं चालायचं. मग मेंढरं गेली, थोडी कोरडवाहू जमीन राहिली, आणि अप्पांना टपालाची पिशवी वाहायचं काम लागलं. सायकल होती, पण पाच गावांच्या वाटेत ती जितकी अप्पांना वाहायची त्याहून जास्त अप्पाच तिला वाहायचे. "मेंढरं गेली, ह्यांचं चालणं काय जाईना," असं अव्वा म्हणायची. अप्पांना टपालाचा भारी नाद. आमच्या तांबी गाईला कालवड झाली ती पडल्या पडल्या उठून अंगणभर उधळली, म्हणून अप्पांनी तिचं नाव ठेवलं तार. अव्वा ज्वारीची भाकरी थापायला बसली आणि परातीत हात पडायला लागले, की अप्पा बाहेरून विचारायचे, "काय गं, टपाल निघालं का?" कारण पोस्टात शिक्का मारतानाही तोच ताल होता. एक ठोका शाईवर, एक कागदावर. मी त्या तालावर पाढे पाठ केले. आजही वर्गातली मुलं सतराचा पाढा म्हणायला लागली की माझी बोटं टेबलावर शिक्के मारतात.

जुनं पोस्ट म्हणजे पिठाच्या गिरणीमागची एक भाड्याची खोली. गिरणी चालू झाली की भिंत थरथरायची आणि पत्रांवर पीठ बसायचं. आमच्या गावचं पत्र आधी झटकायचं आणि मग वाचायचं, असं पाहुणे म्हणायचे. ही खोली झाडायला निंगाक्का यायची. तिचा नवरा कामाला म्हणून हैद्राबादला गेला तो तिकडचाच झाला. लेकरूबाळ नव्हतं. रोजानं रानात जायची, आणि जायच्या आधी पोस्ट झाडायची. खोलीत जागाच नव्हती, त्यामुळं झाडताना ती एकेकाला उठवायची. पोस्टमास्तरांनाही. "उठा साहेब, तुमच्या खालचा देश झाडायचा ऱ्हायलाय." दुपारी मी अप्पांचा डबा घेऊन गेले, की ती माझी वेणी सोडून परत घालायची. अव्वाची वेणी तिला कधी पसंत पडली नाही. पदराच्या गाठीतून शेंगदाणे आणि गूळ काढून माझ्या तोंडात घालायची आणि म्हणायची, "खा. पन अव्वाला सांगू नको, ती म्हनंल निंगी लाडवायली."

आणि एवढ्याशा त्या पोस्टाला एक दिवस राजवाडा मंजूर झाला. का झाला ते आम्हाला कळलं नाही. कोणा मोठ्या साहेबाच्या मनात आलं असेल. बस स्टँडसमोर लाल दगडाची दुमजली इमारत उभी राहायला लागली. पुढं अकरा पायऱ्या, आत शहाबादी फरशी, इतकी घोटलेली की वाकून बघितलं तर स्वतःचं नाक दिसावं. पितळी जाळीच्या सात खिडक्या. आणि दालनाच्या मधोमध, वर, घुमट! आपल्याकडं एवढे जुने घुमट असताना पोस्टाला का नको, असं इंजिनिअरला वाटलं म्हणे. दरवाजे लागेपर्यंत आम्ही पोरं रोज आत घुसायचो आणि त्या घुमटाखाली उभं राहून आपापली नावं ओरडायचो. "शांताऽऽ" म्हटलं की वरून तीन-चार शांता उतरायच्या. एवढ्या शांता जगात आहेत, आणि सगळ्या माझ्याच, याचा मला गर्व वाटायचा. मग एक दिवस दारं बसली, कुलूप लागलं, आणि बातमी आली: उद्घाटन. मंत्री येणार, अकरा वाजता फीत कापणार.

पण पोस्टमास्तरांच्या बाई धारवाडकडच्या, मोठ्या देवभोळ्या. त्यांनी पाय रोवला. फीत कोणीही कापो, नव्या वास्तूत आधी सवत्स गाय फिरली पाहिजे. आपल्या वासराला पाजत असलेली गाय. पोस्टमास्तर म्हणाले, सरकारी कागदात गाय कुठं बसत नाही. बाई म्हणाल्या, मग सकाळी सहाला फिरवा, कागद दहाला उघडतात. असं ठरलं, आणि त्यात आणखी एक ठरलं, जे ऐकून मला त्या आठवड्यात भूक लागेनाशी झाली. ज्याची गाय, त्या घरची बाई किंवा पोर दोर धरून पुढं चालणार. म्हणजे त्या राजवाड्यात पहिलं पाऊल तिचं. मंत्र्याच्या आधी, साहेबाच्या आधी!

गावात त्या वेळी दोनच गाई ताज्या व्यालेल्या होत्या. एक आमची तांबी आणि दुसरी निंगाक्काची चंद्री. आता खरं सांगायचंच बसले आहे तर सांगते, तांबी दिसायला काही नव्हती. हाडं वर आलेली, एक शिंग खाली वळलेलं, स्वभाव फौजदाराचा. चंद्री म्हणजे आपल्याकडची अस्सल देवणी, पांढरीशुभ्र, तोंडावर काळा मुखवटा. निंगाक्कानं आयुष्यात घेतलेलं ते पहिलं जनावर. तिची पहिली कालवड सोनी. निंगाक्का त्या दोघींशी दिवसभर बोलायची. अव्वानं तर जेवताना सांगूनच टाकलं, "चंद्रीच जाईल. आन् जाऊ दे. बिचारीनं इतकी वर्सं पोस्ट झाडलंय, एकदा म्होरच्या दारानं जाऊ दे की." अप्पांनीही मान हलवली. मी ताटातली भाकरी चुरत बसले.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी जुन्या पोस्टाच्या अंगणात दोन्ही गाई आणायच्या होत्या. बाई स्वतः बघणार, वासरू सोडणार, गाय पाजते का ते पारखणार, आणि मग निवड. वासरं तोवर भुकेली राहावीत म्हणून गिरणीच्या छपरात बांधली होती, आणि त्यांच्याजवळ मला बसवलं होतं. निंगाक्का लुगडं बदलून आली होती, हिरवं, घडीचं. चंद्रीच्या शिंगांना तिनं बेगड लावली होती. जाताना वळून म्हणाली, "शांते, माझ्या सोनीकडं बी बघ गं. माशा बसू देऊ नको."

मी बघितलं. कसं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मेंढरांमागच्या घरात जन्मलेल्या पोरीला एक गोष्ट न शिकवता कळते: जनावर लेकरू डोळ्यानं ओळखत नाही, नाकानं ओळखतं. मेंढी मेली आणि कोकरू मागं राहिलं, तर ते दुसऱ्या मेंढीला लावायचं असतं. तिचं स्वतःचं पिल्लू गेलं असेल तर त्याचं कातडं या कोकराच्या पाठीवर बांधायचं. ती हुंगते, आपलंच म्हणते, पाजते. अप्पांनी पोरवयात असं कितीतरी वेळा केलेलं त्यांच्या तोंडून मी ऐकलं होतं. वासानं आई जोडता येते. मग वासानं तोडताही येईल, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच शोधलं. आमचा काळ्या कुत्रा, मेंढरांच्या दिवसांतल्या कुत्र्यांच्या वंशातला, लांडग्यासारखा दांडगा, टपालाच्या एका फाटक्या पोत्यावर झोपायचा. ते पोतं मी दुपारीच गुंडाळून छपरात आणून ठेवलं होतं. म्हणजे ऐन वेळी सुचलं असंही म्हणता येत नाही. सोनीच्या मानेवरून, पाठीवरून, शेपटीखालून मी ते पोतं घासलं. तिला वाटलं मी खाजवते आहे. तिनं माझ्या हाताला जीभ लावली.

आधी तार सुटली. ती थेट जाऊन तांबीच्या कासेला लागली आणि ढुसण्या देत पिऊ लागली. बाई खूश. मग मी सोनीचा दोर सोडला. सोनी पळत गेली. चंद्री हंबरली, मान खाली घातली, हुंगलं, आणि फुस्सकन नाकातून वारा सोडून मागं सरली. सोनी परत गेली. चंद्रीनं लाथ मारली. तिसऱ्यांदा शिंगानं ढकललं, आणि सोनी गुडघ्यावर पडली.

"चंद्रे! अगं तुजीच हाय की गं! सोनी हाय!" निंगाक्का दोघींच्या मध्ये धावली. सोनीला उचलून कासेजवळ धरलं. चंद्री दोर ताणून गोल फिरली. "कामून करायलीस असं? कामून?" असं म्हणत निंगाक्कानं तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. मग तिसरा, जोरात. तिनं त्या गाईला कधी बोट लावलेलं नव्हतं. बाई कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. मागून कोणीतरी म्हणालं, "निंगीला नवऱ्यानं टाकलं, आता गाईनं लेकरू टाकलं. तिच्या दारात कुनी कुनाला धरत न्हाई." हे वाक्य पुढं कितीतरी वर्षं गावात फिरलं. ते बोलणाऱ्याचं नाव मला माहीत आहे, पण लिहून काय उपयोग? ते वाक्य मीच तयार केलं होतं, त्यानं फक्त उच्चारलं.

अप्पांनी सोनीच्या पाठीवरून हात फिरवला होता. रात्री जेवायला बसायच्या आधी हात धुताना ते थांबले, तळवा नाकाशी नेला, आणि म्हणाले, "काळ्याचं पोतं कुठं गेलं गं?"

"वाऱ्यानं उडालं असंल."

"आज वारं व्हतं व्हय?" एवढंच म्हणाले.

आणि सकाळ! काय सांगू त्या सकाळचं. मी असं वागले होते तरी ती सकाळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची आहे, हीच तर माझी अडचण आहे. अव्वानं मला तिची जरीकाठाची साडी दोन पदरी दुमडून नेसवली. अप्पांनी दोर माझ्या हातात दिला, माझ्याकडं न बघता. अकरा पायऱ्या चढायला तांबी तयार होईना. चौघांनी मागून रेटलं. दारात फरशीवर तिचा पाय सरकला, तशी ती बसलीच. मग पोस्टमास्तर ओरडले, "पोती! पोती अंथरा!" आणि टपालाच्या नव्या कोऱ्या पोत्यांचा गालिचा अंथरला गेला, दारापासून घुमटापर्यंत. त्यावरून मी चालले. पहिलं पाऊल उजवं टाकलं, मोजून.

घुमटाखाली आल्यावर तांबी हंबरली. वरून गाय हंबरली. तांबीनं कान टवकारले. तिला वाटलं आत आधीच कोणी शिरलेलं आहे. ती फौजदारी आवाजात आणखी मोठ्यानं हंबरली, तसा वरून सगळा गोठा हंबरला. तार घाबरून सुटली ती खिडकीमागच्या अर्ध्या दारातून थेट तीन नंबरच्या काउंटरमागं शिरली आणि पितळी जाळीतून तोंड बाहेर काढून उभी राहिली. "तिकिटं द्या हो बाई!" अप्पांचा एक जोडीदार ओरडला. लोक हसून हसून खांबांना धरायला लागले. पोस्टमास्तरांच्या बाई, ज्या देवाशिवाय कशाला हसत नसत, त्या फरशीवर बसून पदर तोंडात कोंबत होत्या. आणि मी? मी घुमटाकडं बघून ओरडत होते: शांता! तांबी! तार! पोस्ट! आणि वरून पोरींचा, गाईंचा, टपालाचा पाऊस पडत होता. शेवटी तांबीनं ऐन मधोमध शेणाचा भला मोठा पो टाकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शुभ! महाशुभ! पण अकराला मंत्री येणार. कोणीतरी हाक मारली, "निंगीला बोलवा गं, हे उचलाया."

ती बाजूच्या दारानं आली. तेच हिरवं लुगडं. हातात खराटा आणि घमेलं. तिनं शेण उचललं, ओल्या फडक्यानं फरशी पुसली, नाक दिसेपर्यंत पुसली. मग माझ्यासमोर आली, माझी सुटलेली वेणी बघितली, हात पुसून ती घट्ट केली आणि म्हणाली, "तुजी तांबी गुनी गं शांते. लेकराला धरून हाय." मी तेव्हाही हसतच होते. हसू थांबेनाच. नंतर अंगणात गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, वाढली, त्यावर तुपाची धार. मी तीन वेळा वाढून घेतली. सगळ्या गावानं नव्या शिक्क्याच्या हौसेनं स्वतःच्याच पत्त्यावर कार्डं टाकली, आणि दुसऱ्या दिवशी अप्पांनी ती गावातल्या गावात वाटत हिंडायचं काम हसत हसत केलं. माझं कार्ड मात्र त्यांनी मला हातात दिलं नाही, उंबऱ्यावर ठेवलं.

चंद्रीनं दुसऱ्याच दिवशी सोनीला जवळ घेतलं होतं. वास उडाला, झालं. पण निंगाक्काच्या मनातून ते उडालं नाही. अवलक्षणी जनावर दारात नको, असं सगळ्यांनी तिला सांगितलं, आणि तिनं दोघींना उदगीरच्या बाजारात नेऊन विकलं. येताना मोकळा दोर खांद्यावर टाकून ती आमच्या दारावरून गेली. मी कवाडामागं उभी होते. एक शब्द बोलायचा होता. तेव्हापासून मी बोलायचं टाळायला शिकले. आधी ही एक गोष्ट टाळली. मग हिच्या जवळपासच्या टाळल्या. मग सगळ्याच.

अप्पा गेले. मी शिकले, शिक्षिका झाले, उदगीरला संसार केला. निंगाक्का दिसली की मी रस्ता बदलायचे. पन्नाशी उलटून गेली तरी बदलायचे, हे लिहिताना कान तापतात.

या वर्षी अव्वाच्या आधारला मोबाईल नंबर जोडायचा होता, म्हणून मी तिचे कागद घेऊन त्याच पोस्टात गेले. आता ती इमारत थकली आहे. घुमटात पारवे आहेत. सातांपैकी तीन खिडक्या चालतात, पण फरशी तशीच आहे. अव्वाला बाहेर रिक्षात बसवून मी रांगेत उभी राहिले, आणि पुढं, अंगठा घ्यायच्या यंत्रापाशी, निंगाक्का. वाळून एवढीशी झालेली. काउंटरवरचा मुलगा तिचा अंगठा परत परत काचेवर दाबत होता. "आजी, रेषाच न्हाईत हो. मशीन वळखत न्हाई." तिला ऐकू येत नव्हतं. ती आपली एकेक बोट पुढं करत होती. जन्मभर खराटा धरून गुळगुळीत झालेली दहा बोटं.

मुलानं तिला बाकावर बसवलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बाक बरोबर घुमटाखाली होता. तिनं मला ओळखलं, हनुवटीला हात लावला, आणि माझ्या पिकल्या केसांकडं बघून म्हणाली, "कोन घालतंय गं तुजी वेनी? ढिली हाय."

मी तिच्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात सांगितलं. सगळं. पोतं, कुत्रा, सोनी.

"आँ?" ती म्हणाली. "मोट्यानं बोल. कान गेलेत माजे."

मी परत सांगितलं, जरा मोठ्यानं.

"काय पोतं? मोट्यानं गं!"

रांगेतली माणसं बघायला लागली होती. उठून जाता आलं असतं. जन्मभर तेच केलं होतं. मी श्वास घेतला आणि ओरडले: "निंगाक्का, चंद्रीनं सोनीला टाकलं न्हाई! मी सोनीला कुत्र्याचं पोतं घासलं व्हतं! मला पयलं आत यायचं व्हतं!"

घुमट जुना झाला होता, पण काही विसरला नव्हता. त्यानं माझं वाक्य उचललं आणि सगळ्या पोस्टात वाटलं. व्हतं, व्हतं, व्हतं. पारवे फडफडले. काउंटरवरच्या मुलाचा शिक्का हवेत राहिला.

निंगाक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. मी थप्पडीची वाट बघत होते. तिनं मारली असती तर किती सोपं झालं असतं. पण ती माझ्याबद्दल विचारच करत नव्हती. तिचे ओठ हलत होते. "म्हंजे तिला वास आला," ती म्हणाली. "लांडगा आला म्हनून ती लाथ मारायली. लेकराला वाचवायली." तिचे डोळे भरले. "आन् मी तिला मारलं गं शांते. तीन धपाटे. बाजारात सोडून येताना ती वरडायली, मी मागं वळून बी बघितलं न्हाई."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. रागानं नाही, तिला उठायचं होतं. गुडघ्यावर हात टेकून ती उभी राहिली, घुमटाखाली मधोमध, जिथून तिनं एकदा शेण उचललं होतं तिथं. रांगेकडं बघितलं. त्यातल्या निम्म्या लोकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण तिला त्याचं काय! खणखणीत आवाजात ती ओरडली, "ऐकलं का रे सगळ्यांनी? माजी गाय चांगली व्हती!"

आणि वरून, सगळीकडून, उत्तर आलं: चांगली व्हती, चांगली व्हती, व्हती.

तिला काही ऐकू आलं नसणार. म्हणून मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि घुमट काय म्हणाला ते तिला मोठ्यानं सांगितलं.